चोरखिसा

माझ्या आत्याने एकच विनोद बावीस वर्षं ऐकला, आणि दर खेपेला त्या विनोदाच्या शेवटी हात वर करून दाखवायचं काम तिचंच होतं.

विनोद मोठ्या साहेबांचा. प्रयोगशाळेत पाहुणे आले की साहेब त्यांना आधी तळघरातली तोलखोली, म्हणजे प्रयोगाची जागा, दाखवायचे, मग जिना चढवून वर्कशॉपच्या दारात आणून उभे करायचे. आत आत्या बर्नरपाशी बसलेली असायची. साहेब घसा खाकरून सांगायचे, की मंडळी, एके काळी आम्हाला अवकाशाची एक नवी दिशा सापडली होती. लांबी, रुंदी, उंचीच्या पलीकडची. भाषणं झाली, फोटो छापून आले. मग कळलं, ती दिशा वगैरे काही नव्हती, चकतीवर उमटलेला एक घामट अंगठा होता. इथे पहिला हशा. तो ओसरला की साहेब भुवई उडवायचे.

"आणि हात कुणाचा?"

मग आत्याकडे वळून, अगदी मायेने, "बाई, हात दाखवा जरा."

आत्या दोन्ही हात वर करायची. दुसरा हशा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, फक्त तिने ते आपण होऊन कधीच दाखवले नव्हते.

त्या इमारतीत तिला तिच्या नावाने हाक मारणारं पुढेपुढे कुणी उरलं नाही. समोर 'बाई' आणि पाठीमागे 'घामट'. नवीन लागलेल्या शिपायाला वाटायचं, तेच आडनाव असावं.

आता त्या हातांबद्दल. मी माझ्या आयुष्यात इतके कोरडे हात पाहिलेले नाहीत. आत्या क्रीम लावत नाही, तेलाची बाटली उघडत नाही, संत्रं सोलायचं असलं तर आतोबांकडून सोलून घेते. कामाला बसण्याआधी बिनवासाच्या साबणाने कोपरापर्यंत धुते आणि हात हवेत धरून वाळवते, टॉवेलचे धागे चिकटतात म्हणून. तिचं काम क्वार्ट्झची तार ओढण्याचं. काचेसारखी पेन्सिलीएवढी कांडी ज्योतीत धरायची, पांढरी व्हायला लागली की दोन्ही हात एका झटक्यात बाजूला फेकायचे. मध्ये काहीच दिसत नाही. ती मग काळं मखमल मागे धरते आणि मान तिरकी करते, तेव्हा हवेत एक रेघ चमकते. केसाच्या दहाव्या भागाएवढी. ही तार पोलादापेक्षा चिवट असते, आणि नुसत्या बोटाचा स्पर्श झाला तर तिथून तुटते. बोटाचं तेल लागलं की संपली.

म्हणजे विनोदात जी बाई घामट हातांची होती, तिला घामट हात असते तर ती या कामात एक आठवडाही टिकली नसती. हे कुठल्याच पाहुण्याच्या लक्षात आलं नाही. हसताना माणूस हिशोब करत नाही.

*

तळघरात ही मंडळी काय शोधत होती, ते मला आतोबांनी सांगितलं. आतोबा शिंपी आहेत. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला टेकून कापडाचे गठ्ठे, आणि तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय. शास्त्रातलं त्यांना फक्त आत्याने जेवताना सांगितलेलं ठाऊक; पण तीस वर्षं जेवताना ऐकलं की बरंच होतं.

ते म्हणाले, शास्त्रज्ञांकडे दोन कायदे आहेत. एक मोठ्या वस्तूंचा, म्हणजे ग्रह, तारे, जिन्यावरून पडणारा माणूस. दुसरा अगदी बारक्यांचा, अणूच्या पोटातल्यांचा. दोन्ही आपापल्या घरी बिनचूक. एका घरात आणले की चूल वेगळी. त्यांचा समेट कसा करायचा यावर पुष्कळ लोकांनी पुष्कळ कागद खर्च केला. त्यातल्या काहींचं म्हणणं असं, की अवकाशाला आपल्याला न दिसणारी एखादी जास्तीची दिशा असली पाहिजे, चुणीसारखी आत दुमडलेली.

"चोरखिसा," आतोबा टाचण्यांमधून म्हणाले. "बाहेरून कापड सरळ. बोट आत घातलं की कळतं, अजून जागा आहे."

खरोखर असा चोरखिसा असेल, तर फार जवळ आणलेल्या दोन वस्तू एकमेकींना नेहमीच्या कायद्यापेक्षा जास्त ओढतील. हे पाहायला डोंगराएवढं यंत्र लागत नाही. एक भक्कम टेबल, एक धागा, भोकं पाडलेल्या दोन चकत्या. वरची चकती आत्याच्या तारेला टांगलेली, खालची सावकाश फिरणारी. खालची फिरली की तिच्या ओढीने वरची कणभर वळते, तार पिळते, तो पीळ मोजायचा. मोजणी चालू असताना इमारतीची लिफ्ट बंद असते, आणि चौथ्या मजल्यावरचे लोक धापा टाकत जिन्यात विश्वाच्या रहस्याला शिव्या घालतात.

सगळा खेळ दोन चकत्यांमधल्या फटीचा. फट खरी किती आहे हे चुकलं, की ओढ खोटीच जास्त दिसते. किंवा वरच्या चकतीवर कुणाचा अंगठा उमटला, आणि त्या डागावर वीज साठून राहिली, तरीही.

बावीस वर्षांपूर्वी तसंच झालं होतं. साहेब तेव्हा नुकते साहेब झाले होते. जास्तीची ओढ दिसली, त्यांनी ती जगाला सांगून टाकली. दुसरीकडच्या लोकांनी तोच प्रयोग करून पाहिला, त्यांना काहीच सापडेना. तेव्हा यंत्र उघडलं. चकती उतरवायचं काम आत्याचं. तिने भिंगाखाली पाहिलं तर कडेवर अंगठ्याचा ठसा, आणि ठशाच्या मधोमध आडवी चीर. साहेबांच्या उजव्या अंगठ्यावर डब्याचा पत्रा लागल्याची जुनी खूण आहे, अगदी तशीच.

तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. चौकशी समिती वर बसलेली होती, तिथे चकती घेऊन जायचं सोडून ती साहेबांकडे गेली. त्यांची अब्रू राहावी म्हणून एकटीच गेली. साहेब म्हणाले, बघू. स्पिरिटचा बोळा उचलला, आणि तिच्या डोळ्यांदेखत ठसा पुसला. शांतपणे, चष्म्याची काच पुसावी तसा. मग वर जाऊन समितीला सांगितलं, की वर्कशॉपमधल्या बाईंच्या हाताला घाम फार, आम्हीच सांभाळून घ्यायला हवं होतं.

तिला तोलखोलीतून काढलं आणि स्टोअरमध्ये बसवलं. अकरा वर्षं तिने स्क्रूंच्या डब्यांना लेबलं लावली; पाहुणे आले की हात दाखवण्यापुरतं वर बोलावणं यायचं. परत बोलावलं ते दया आली म्हणून नाही. तार ओढणारं दुसरं कुणी मिळेना म्हणून. आणि परत आल्याच्या पहिल्याच आठवड्यात पाहुणे आले, विनोद झाला, आणि आता तर हात दाखवायला बोलावणंही धाडावं लागत नव्हतं.

मी तिला एकदा विचारलं होतं, नोकरी का सोडली नाहीस. ती म्हणाली, "सोडली असती तर तो विनोद माझ्या माघारी झाला असता. मला तो समोर व्हायला हवा होता. प्रत्येक वेळचा लक्षात ठेवायचा होता."

*

मग प्रयोगशाळेत एक तरुण शास्त्रज्ञ मुलगी आली. तिला सगळे शंकाबाई म्हणत, कारण ती स्वतःच्या घड्याळावरही विश्वास ठेवत नसे. दोन वर्षं खपून तिने तो प्रयोग नव्याने उभा केला, आणि एक अट घातली. म्हणाली, माणसाला जे हवं असतं तेच त्याला आकड्यांत दिसतं, म्हणून मोजणाऱ्यांना फटीचं खरं माप कळताच कामा नये. कुणीतरी तिसऱ्याने फट मोजायची, तीत आपल्या मनातला एक आकडा मिसळायचा आणि मिसळलेलं माप आम्हाला सांगायचं. आम्ही सगळं गणित पुरं करून हात वर करायचे. मग सर्वांसमोर तो गुप्त आकडा उघडायचा, वजा करायचा, आणि जे उत्तर येईल ते येईल.

आत्याने त्याला लगेच नाव दिलं: चोर-आकडा. शिंप्याची बायको, दुसरं काय सुचणार. आठवड्याभरात इमारतीत सगळे तेच म्हणायला लागले.

आकडा मिसळणारा माणूस असा हवा होता, की ज्याचं नाव शोधनिबंधावर लागणार नाही आणि ज्याला फट मोजता येते. प्रयोगावर नजर ठेवायला बाहेरून आलेल्या समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, असं कोण आहे. साहेब हसले आणि त्यांनी वर्कशॉपच्या दिशेने बोट केलं. म्हणाले, आमच्या बाई आहेत ना, फक्त हातमोजे घालायला सांगा.

स्वतःच्या हाताने त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली. मी नाटकं बसवते; हे नाटकात असतं तर म्हटलं असतं, जरा जास्तच होतंय.

मोजणीच्या दिवशी तोलखोलीत फक्त आत्या आणि अध्यक्षबाई. आत्याने सूक्ष्मदर्शकाखाली फट मोजली: अठ्ठेचाळीस मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजार तुकडे केले तर त्यातले अठ्ठेचाळीस. अध्यक्षबाईंनी ती आपल्या डोळ्यांनी पुन्हा मोजली. आत्याने सात मिसळले. कागदावर 'सात' लिहून पाकीट बंद केलं, दोघींनी सही केली. अध्यक्षबाईंनी ते आपल्या पर्समध्ये टाकलं आणि बजावलं, की पाकीट कुठे आहे हे तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला कळता कामा नये. बाहेर येऊन आत्याने शंकाबाईंना आणि साहेबांना माप सांगितलं: पंचावन्न.

काम इथे संपलं होतं. नियमाप्रमाणे तिने घरी येऊन झोपायला हरकत नव्हती.

त्या संध्याकाळी आतोबा एका गिऱ्हाइकाचा कोट शिवत होते. प्रवासाला निघालेला माणूस, भित्रा, त्याला चोरखिसा हवा होता. आतोबा दोन शिवत होते. आत्याने विचारलं, दोन कशाला.

"अगं, एक चोरासाठी," आतोबा म्हणाले. "चोराला काहीच मिळालं नाही तर तो शोधत बसतो. थोडं मिळालं की खूश होऊन निघून जातो. दुसरा खिसा वाचतो."

आत्याने जेवण वाढलं, असं आतोबा सांगतात. मग भांडी घासता घासता म्हणाली, "अहो, चोराला मिळावं, पण पचू नये, असा खिसा शिवता येतो का?"

*

दुसऱ्या दिवशी तिने वर्कशॉपमधल्या आपल्या ड्रॉवरमध्ये आणखी एक पाकीट ठेवलं. वर लिहिलं 'चोर-आकडा', आत कागदावर 'तीन'. गोंदाने बंद केलं. मग केसाच्या दहाव्या भागाएवढी तार ओढून पाकिटाच्या तोंडावरून आडवी नेली आणि दोन्ही टोकांना लाखेचा सुईच्या अग्राएवढा ठिपका दिला. ड्रॉवरला कुलूप लावलं. साहेबांकडे सगळ्या कुलपांची मास्टर किल्ली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तीन का, हेही सांगते, कारण तिची खरी कारागिरी तिथे आहे. पंचावन्नातून तीन वजा केले की बावन्न. ज्याला फट बावन्न वाटेल आणि प्रत्यक्षात ती अठ्ठेचाळीस असेल, त्याला चकत्या अंमळ जास्त ओढताना दिसणार. फार नाही, एखाद्या नव्या दिशेपुरत्या. साहेबांना बावीस वर्षांपूर्वी जे हवं होतं, ते तिने मापाने बेतून त्यांच्यासाठी शिवून ठेवलं होतं.

चार-पाच दिवसांनी साहेब वर्कशॉपमध्ये आले. तार कशी चाललीय, बर्नर बरा आहे का, अशी चौकशी करून सहज म्हणाले, तो आकडा नीट ठेवलायत ना?

"ड्रॉवरमध्ये पाकीट आहे, साहेब," आत्या म्हणाली. "कुलूप आहे."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

पुढच्या गुरुवारी सकाळी तिने ड्रॉवर उघडला, पाकिटामागे काळं मखमल धरलं आणि मान तिरकी केली. तार तुटलेली होती. पाकीट वाफेवर धरून उघडलेलं आणि पुन्हा चिकटवलेलं, बेमालूम. फक्त वाफेने ओल्या झालेल्या गोंदात एक अंगठा रुतला होता, आणि त्याच्या मधोमध आडवी चीर.

घरी येऊन तिने चपला काढल्या आणि आतोबांना एवढंच सांगितलं, "खिसा कापला."

त्याच दिवशी तिला अध्यक्षबाईंना फोन करता आला असता. शंकाबाईंना सांगता आलं असतं, म्हणजे त्या पोरीची मेहनत वाचली असती. हे मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, "मग काय झालं असतं? एका बंद खोलीत तो पुन्हा म्हणाला असता, बघू. बोळा तयारच असतो त्याच्याकडे." तिला बंद खोली नको होती. तिला सभागृह हवं होतं, खुर्च्या भरलेलं.

म्हणून ती गप्प बसली. तीन आठवडे. साहेबांनी मोजणीतले नऊ दिवस 'लिफ्टमुळे खराब' म्हणून काढून टाकले. शंकाबाई कुरकुरल्या, पण साहेबांच्या सहीपुढे काही चाललं नाही. आत्याला कळत होतं, की ते नऊ दिवस साहेबांच्या नव्या दिशेला नडत असणार. साहेब शीळ घालत जिना चढायला लागले. त्यांनी पेपरवाल्यांना बोलावलं. सभागृहात लावायला फलक बनवायला टाकले. सगळ्यांना सांगितलं, की दोन फलक केलेत, एक 'सापडलं' आणि एक 'नाही सापडलं', प्रसंग येईल तसा कापडाखालून काढू. चौकटी आत्याच्या वर्कशॉपमध्येच ठोकल्या जायच्या. चौकट एकच आली होती.

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. साहेबांच्या मनात रोषणाई होती.

*

कार्यक्रमाच्या आदल्या रविवारी तिने मला बोलावलं. मला वाटलं, साडी निवडायची असेल. तर ती म्हणाली, तुला सभागृहात कसं बोलायचं ते कळतं, मला तीन शब्द म्हणून दाखवायचेत.

तिने म्हणून दाखवले. मी म्हटलं, फार घाई होतेय, 'आणि'नंतर थांब.

"किती?"

"समोरचा अस्वस्थ होईपर्यंत."

तिने पुन्हा म्हटले. आतोबांचं मशीन थांबलं. मी म्हटलं, बास, आता हात लावू नकोस. ती हसली, कितीतरी दिवसांनी. मग मला काम दिलं: सगळ्यात मागच्या रांगेत बसायचं, आणि साहेब जे म्हणतील ते ऐकू आलं नाही तर हात वर करायचा. म्हटलं, ऐकू आलं तर? तर ती म्हणाली, पहिल्या वेळी येणार नाही.

सभागृह तसं लहान. शंभर खुर्च्या, पुढे टेबल, बाजूला कापड टाकलेला फलक. सकाळी अकराची वेळ. पहिल्या रांगेत पेपरवाले, मग शास्त्रज्ञ, मग ऑफिसचे लोक, चौथ्या मजल्यावरचे धापा टाकणारेसुद्धा. शंकाबाई संगणकाशी बसल्या होत्या, हाताची नखं खात. साहेबांनी भाषणात तो विनोद सांगितलाच. "आणि हात कुणाचा?" म्हणून त्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या उभी राहिली, दोन्ही हात वर केले, हशा होऊ दिला, आणि बसली. मला तेव्हा कळलं, की तिने हेही धरून ठेवलं होतं. शेवटचा प्रयोग.

मग अध्यक्षबाई उठल्या. साहेबांनी आत्याला खूण केली, की पाकीट आणा. आत्या जागची हलली नाही. अध्यक्षबाईंनी आपली पर्स उघडली.

तेव्हा साहेबांचा चेहरा मला मागच्या रांगेतूनही दिसला. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं, तसा.

अध्यक्षबाईंनी सह्या दाखवल्या, पाकीट फाडलं आणि वाचलं: सात. शंकाबाईंनी संगणकात सात वजा केले. पडद्यावरची रेघ सरकली आणि जुन्या कायद्याच्या रेघेवर जाऊन गुपचूप आडवी झाली. जास्तीची ओढ नाही. चोरखिसा नाही. शंकाबाईंनी सुस्कारा सोडला. त्यांना उत्तराशी भांडण नव्हतं, ते खरं असलं म्हणजे झालं.

साहेब चटकन म्हणाले, ठीक आहे, विज्ञानात असं होतंच, दुसरा फलक आत आहे, आणतो. पण अध्यक्षबाई फलकाजवळच उभ्या होत्या. त्यांनी कापड ओढलं. 'नव्या मितीचा शोध', खाली साहेबांचा फोटो, खाली आलेख, आणि आलेखाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत: फट बावन्न मायक्रॉन.

अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला. "तुम्हाला दिलेलं माप पंचावन्न. चोर-आकडा मी आत्ता फोडला. यातले तीन कुणी वजा केले? आणि कधी?"

साहेब म्हणाले, एक अंदाज म्हणून छापलं होतं. अध्यक्षबाईंनी विचारलं, मग दुसऱ्या फलकावर कोणता अंदाज आहे? तेव्हा आत्या उभी राहिली आणि म्हणाली, की चौकटी माझ्या टेबलावर ठोकल्या, दुसरा फलक नाही.

ती पुढे गेली. पिशवीतून दोन डब्या काढल्या, पत्र्याच्या, सारख्याच. दोन्ही टेबलावर ठेवल्या. पहिली उघडली; आत काळं मखमल, त्यावर ड्रॉवरमधलं पाकीट. तिने अध्यक्षबाईंना भिंग दिलं. तुटलेली तार दाखवली, गोंदात रुतलेला अंगठा दाखवला, आतला तीनाचा कागद दाखवला. ड्रॉवर, कुलूप, साहेबांची किल्ली, सगळं एका दमात आणि सपाट आवाजात सांगितलं, स्टोअरमधलं लेबल वाचावं तसं.

दुसरी डबी तिने उघडली नाही. तिच्यावर नुसता हात ठेवला. तो कोरडा, पांढुरका हात.

"बावीस वर्षांपूर्वीची चकती यंत्रातून मी उतरवली होती, साहेब," ती म्हणाली. "तुमच्याकडे आणण्याआधी."

साहेब त्या डबीकडे बघत राहिले. ठसा त्यांनी पुसला होता. पण पुसण्याआधी या बाईने त्याचं काय काय करून ठेवलं, हे त्यांना कुठे ठाऊक होतं?

"साहेब, हात दाखवा जरा."

कुणी हसलं नाही. साहेबांनी हात दाखवला नाही, पण उजव्या हाताची मूठ मिटली, अंगठा आत घालून. शंभर लोकांनी ते पाहिलं.

"आणि," आत्या म्हणाली, आणि थांबली. मी सांगितलं होतं त्याहून जास्त थांबली. पहिल्या रांगेत एकाने खुर्ची सरकवली. "हात कुणाचा?"

साहेबांचे ओठ हलले.

मी हात वर केला.

"मागे ऐकू गेलं नाही, साहेब," आत्या म्हणाली.

"माझा."

"कशावरचा? पाकिटावरचा, की चकतीवरचा?"

अध्यक्षबाईंनी मध्ये पडून त्यांना सोडवलं असतं तर सोडवता आलं असतं. त्या पडल्या नाहीत. साहेबांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा दुसऱ्या डबीकडे.

"दोन्हींवरचा."

हे मागच्या रांगेत स्वच्छ ऐकू आलं. आत्याने दोन्ही डब्या पिशवीत घातल्या आणि वर्कशॉपमध्ये जाऊन बर्नर बंद आहे ना ते पाहिलं.

*

साहेब महिन्याभरात गेले. निरोपसमारंभ झाला नाही. आत्याची माफी मागायला कुणी आलं नाही. जे हसले होते ते आता नुसतेच जिन्यात नजर चुकवायचे. ती मात्र प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून नमस्कार करायची. मला वाटतं, तो नमस्कार हीच त्यांच्या वाट्याची शिक्षा होती.

शंकाबाईंचं नुकसान खरं झालं. साहेबांनी चोरून पाहिलेल्या आकड्याच्या जोरावर दिवस काढून टाकले होते, म्हणजे ती सगळी मोजणीच बाद. दोन वर्षं पाण्यात. तिला जेव्हा कळलं, की आत्याला हे तीन आठवडे आधीपासून माहीत होतं, तेव्हा ती वर्कशॉपच्या दारात येऊन म्हणाली, "ताई, मला तरी सांगायचं होतंत." आत्या म्हणाली, तुम्हाला खोटं वागता येत नाही, त्यांनी ओळखलं असतं. शंकाबाई निघून गेली. दोन महिने वर्कशॉपमध्ये फिरकली नाही. मग एका दुपारी आली, उभ्याउभ्याच म्हणाली, की नवीन तार लागेल, पहिल्यापासून सुरुवात करायचीय. आत्याने सात तारा ओढल्या, सहा फेकल्या, सातवी दिली. बोलणं एवढंच. अजूनही त्या दोघींचं म्हणावं तसं जुळलेलं नाही.

मी आत्याला विचारलं, पश्चात्ताप होतो का. ती हात हवेत धरून वाळवत होती.

"त्या पोरीचा होतो," ती म्हणाली. "त्याचा नाही."

तेव्हा मला दुसऱ्या डबीची आठवण झाली. इतके दिवस विचारायचं राहून गेलं होतं. म्हटलं, चकतीचा ठसा तू आधीच कागदावर घेऊन ठेवला होतास, आणि बावीस वर्षं बोलली नाहीस? ती आतोबांकडे बघून काहीतरी हसली. डबी मशीनच्या शेजारीच होती. मी झाकण उघडलं. आत टाचण्या होत्या.

"तेव्हा काय होतं आत?" मी विचारलं.

"काहीच नाही," आतोबा म्हणाले, आणि डबीतली एक टाचणी उचलून दातांत धरली. "रिकामीच घेऊन गेली होती."